स्वतंत्र पास की सकाळची बॅच: सांगलीतील प्रौढ पोहणाऱ्यांच्या दोन सोयींचे परीक्षण

सांगली-मिरज रस्त्याच्या परिसरातील ज्या जलतरण तलावावर मी गेली काही वर्षे नियमित पोहते, तेथे प्रौढांसाठी दोन सोयी आहेत. पहिली म्हणजे साधा मासिक पास. ठरलेल्या वेळेत यायचे, मोकळी लेन मिळाली तर तिच्यात, नाही तर जागा असेल तिथे पोहायचे आणि तास संपला की बाहेर पडायचे. दुसरी सोय म्हणजे सकाळी सहा ते सात या वेळेतील प्रौढांची सराव बॅच. तिच्यासाठी दोन लेन दोऱ्या बांधून राखून ठेवलेल्या असतात, काठावर प्रशिक्षक उभे असतात आणि त्या दिवसाचा सराव फळ्यावर लिहिलेला असतो. पासाला महिन्याला १२०० रुपये पडतात आणि बॅचला २०००. या जादा आठशे रुपयांत नेमके काय मिळते आणि ते कोणी द्यावेत, हा या परीक्षणाचा विषय आहे. मी दोन्ही सोयी पुरेसा काळ वापरलेल्या आहेत आणि आजही वापरते. अशी विभागणी इतर शहरांतील तलावांवरही असते, म्हणून तलावाचे नाव न देता मी सोयींबद्दलच लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. ज्या प्रौढ व्यक्तीला न थांबता दोनशे मीटर पोहता येते आणि जिला यापुढे वेग किंवा पल्ला वाढवायचा आहे, तिने बॅच घ्यावी. मात्र आठवड्यातील एखाद-दोन दिवस एकट्याने पोहण्यासाठी राखून ठेवावेत. बॅचच्या शुल्कातून आपण खऱ्या अर्थाने दोनच गोष्टी घेतो: आपले पोहणे बाहेरून पाहणारा जाणता डोळा आणि आपल्या सोयीसाठी न थांबणारे घड्याळ. सोबत, ओळखी, उत्साह हे सारे त्यांच्यामागून येते. प्रशिक्षक काठावर बसून फोन पाहत असतील आणि घड्याळ बंद असेल, तर त्या बॅचमध्ये पासापेक्षा जास्त काहीही मिळत नाही, उलट लेनमधील मोकळीक तेवढी जाते.

एकट्याने पोहण्याला मी कमी लेखत नाही. हात पाण्यात कोठे शिरतो, कोपर उंच राहते का, श्वास घेताना डोके किती वळते, श्वास सोडणे चेहरा पाण्यात असतानाच पूर्ण होते का, या गोष्टींकडे लक्ष द्यायला निवांतपणा लागतो आणि तो मागून कोणी येत नसलेल्या लेनमध्येच मिळतो. पासाच्या वेळेत मी एका लांबीला, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हाताचे किती फटके लागतात ते मोजते. २५ मीटरला २२ हात आणि ३५ सेकंद लागले, तर दोहोंची बेरीज ५७ होते. हात कमी करण्याच्या नादात वेळ वाढला किंवा वेळ कमी करताना हात वाढले, तर बेरीज जागची हलत नाही. ती खरोखर खाली आली तरच शैली सुधारली असे समजायचे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. त्यामुळे नुसत्या ताकदीने वेग वाढवू पाहणाऱ्याला दोन लांब्यांत दम लागतो, तर शरीर सरळ आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर ठेवणारा माणूस तेवढ्याच दमात कितीतरी पुढे जातो. ही दुरुस्ती हळू पोहतानाच होते. बोटांची टोके पाण्यावरून ओढत हात पुढे नेणे, एका कुशीवर राहून नुसत्या पायांनी जाणे, असले अभ्यास बॅचच्या लेनमध्ये मनासारखे करता येत नाहीत, कारण पाठीमागचा माणूस दहा सेकंदांत पायाशी येऊन ठेपलेला असतो.

पासाची दुसरी बाजू वेळेच्या सवलतीची आहे. पाळीत काम करणारे, दवाखाना सांभाळणारे, सकाळी मुलांना शाळेत सोडणारे अशा अनेकांना सहाची वेळ पाळणे शक्यच नसते. त्यांच्यासाठी पास हीच खरी सोय आहे.

मात्र एकट्याचा सराव काही महिन्यांनी एका ठरावीक जागी येऊन थांबतो, असे मी पासधारकांत सातत्याने पाहत आले आहे. याला आळस म्हणता येणार नाही. शरीराला एकदा सोयीची गती सापडली की ते तीच धरून ठेवते, आणि थांबायचे कधी व किती वेळ हे ठरवणाराही पोहणाराच असल्यामुळे थकवा वाढेल तशी काठावरची विश्रांती नकळत लांबत जाते. रोज तेवढ्याच लांब्या, त्याच गतीने, त्याच एका बाजूला श्वास घेत पूर्ण होतात. हृदयासाठी आणि फुप्फुसांसाठी हा व्यायाम चांगलाच आहे. गुडघेदुखीमुळे फिरणे सुटलेल्या ज्येष्ठांना तर तो पुरेसा आणि योग्य आहे, आणि त्यांना बॅचची गरज आहे असे मी म्हणणार नाही. परंतु दोन वर्षे पोहूनही चारशे मीटरची वेळ जिथल्या तिथे आहे अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना आणखी लांब्या मारून उपयोग होत नाही; त्यांच्या सरावाची बांधणीच बदलावी लागते.

ही बांधणी बॅचमध्ये कशी होते ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला फक्त एकामागून एक पोहणारी माणसे दिसतात. फळ्यावर ‘१०० मीटर, दहा वेळा, अडीच मिनिटांवर’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा की दर अडीच मिनिटांनी पुढचे शंभर मीटर सुरू झालेच पाहिजेत. आधीचे शंभर २ मिनिटे २० सेकंदांत संपवले तर दहा सेकंद विश्रांती मिळते, २ मिनिटे २७ सेकंद लागले तर तीनच सेकंद मिळतात. पहिल्या तीन-चार वेळा हे सहज जमते. सहाव्या-सातव्या वेळेला कोपर खाली येऊ लागते, पाय बुडू लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी काठावरून सरांचा आवाज येतो, “मॅडम, हात लांब ठेवा, घाई नको.” एकटे असताना याच टप्प्यावर मनुष्य थांबतो आणि गॉगल पुसत बसतो. सुधारणा मात्र याच टप्प्यावर होत असते: दमलेल्या अवस्थेत शैली टिकवण्याची सवय शरीराला येथेच लागते.

अडीच मिनिटे हा आकडा कोठून आला, हेही प्रत्येकाने विचारावे. आमचे सर काही आठवड्यांच्या अंतराने प्रत्येकाकडून ४०० आणि २०० मीटर असे दोन पल्ले पूर्ण जोराने पोहून घेतात. समजा एखाद्याला ४०० मीटरला ९ मिनिटे आणि २०० मीटरला ४ मिनिटे १५ सेकंद लागले, तर वाढीव २०० मीटरचा हिशेब ४ मिनिटे ४५ सेकंद होतो, म्हणजे शंभर मीटरला सुमारे २ मिनिटे २२ सेकंद. दीर्घ पल्ल्यावर टिकवता येईल अशी ही त्या व्यक्तीची गती मानली जाते आणि सरावातील आकडे तिच्याभोवती बसवले जातात. ज्या बॅचमध्ये पंचविशीतील मुलाला आणि साठीच्या गृहस्थांना एकच आकडा दिला जातो, तेथे हा हिशेब कोणी केलेला नसतो, आणि तेथे शुल्क भरण्याआधी दोनदा विचार करावा. हा हिशेब कोणालाही एकट्याने करता येतो, हे खरे आहे. पासावर पोहणाऱ्या काही जणांना मी तो कागदावर मांडूनही दिला आहे. परंतु स्वतःच ठरवलेल्या वेळेला, कोणी पाहत नसताना, दहाव्यांदा काठ सोडणारी माणसे फारच थोडी असतात.

घड्याळाइतकाच लेनच्या शिस्तीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाने लेनच्या डाव्या बाजूने जायचे आणि परतताना पुन्हा आपल्या डाव्या बाजूने यायचे, असा नियम आहे. पुढच्याच्या मागे दहा सेकंद सोडून निघायचे आणि थांबायचे असल्यास कोपऱ्यात सरकून भिंतीची मधली जागा मोकळी ठेवायची. २५ मीटरला ३५ सेकंद लागतात असे धरले, तर पहिला पोहणारा सत्तराव्या सेकंदाला परत सुरुवातीच्या भिंतीशी येतो. दहा सेकंदांच्या अंतराने निघणारा सहावा माणूस पन्नासाव्या सेकंदाला निघालेला असतो, म्हणून एका लेनमध्ये सहा जण नीट सामावतात. सातवा आला की साखळीचे तोंड शेपटाला लागते आणि आठवा आला की कोणाचाही सराव होत नाही. त्यामुळे बॅचची चौकशी करताना ‘एका लेनमध्ये जास्तीत जास्त किती जण?’ हा प्रश्न शुल्काच्या आधी विचारावा. आमच्याकडे एरवी पाच-सहा असतात. एप्रिल आणि मे महिन्यांत मात्र सुट्टीतील मुलांच्या शिबिरासाठी दोन राखीव लेनांपैकी एक काढून घेतली जाते आणि शुल्क तेवढेच राहते. ही या सोयीतील सर्वांत मोठी उणीव आहे, आणि त्या दोन महिन्यांपुरती बॅच बंद ठेवून पास घेणे हाच सध्या शहाणपणाचा मार्ग आहे.

आता त्या जाणत्या डोळ्याविषयी. आमच्या लेनमध्ये मिरजेचे एक डॉक्टर आहेत. शाळकरी वयापासून नदीत पोहलेले, दमसास उत्तम, तरी त्यांचे अंग प्रत्येक हाताला दोन्हीकडे हेलकावत असे आणि खांदा दुखत असे. सरांनी दोन दिवस काही न बोलता पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेनच्या टोकाला उभे राहून समोरून फोनवर चित्रण केले आणि डॉक्टरांना दाखवले: त्यांचा डावा हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडून उजवीकडे जात होता. शरीराविषयी इतके शिकलेल्या माणसालाही हे जाणवले नव्हते, कारण पाण्यात असताना हात सरळच जातो आहे असे वाटत राहते. हात खांद्याच्या रेषेत शिरू लागल्यावर काही आठवड्यांत हेलकावा गेला आणि खांद्याची कुरकुरही कमी झाली. असे दोष आरशात दिसत नाहीत, हात मोजून कळत नाहीत आणि शेजारच्या लेनमधील मित्राला विचारून तर मुळीच कळत नाहीत. प्रौढांच्या खांद्यांत लहान मुलांची लवचीकता राहिलेली नसते, म्हणून चुकीचा हात हजारो वेळा फिरवण्याची किंमत आपल्याला लवकर मोजावी लागते. आठशे रुपयांचे समर्थन मी मुख्यतः या एका गोष्टीवर करते.

याच कारणासाठी पंजाला लावायच्या पॅडल्सबद्दल माझा स्पष्ट आक्षेप आहे. मध्यंतरी आमचे नेहमीचे सर रजेवर असताना बदली आलेल्या एका प्रशिक्षकांनी नव्याने आलेल्या पन्नाशीतील लोकांच्या हातीही पॅडल्स दिली होती. मोठ्या पॅडलमुळे पंजाला जास्त पाणी पकडता येते आणि वेग वाढल्यासारखा वाटतो, पण खांद्याच्या सांध्यावरचा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. शैली बसलेली नसताना ती वापरू नयेत. बॅचमध्ये असताना शेजारच्याने लावली म्हणून आपणही लावावी असा मोह होतो. सांगितलेला प्रत्येक सेट, म्हणजे फळ्यावरचा सरावाचा प्रत्येक गट, पूर्ण केलाच पाहिजे असा दबावही काहींना वाटतो. खांद्यात पुढच्या बाजूला टोचल्यासारखे दुखले तर थांबायचे आणि सरांना सांगायचे. चांगला प्रशिक्षक त्यावर रागावत नाही, पायांचा वेगळा सराव देतो.

बॅचमधील आणखी एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या पायांमागे जवळून पोहताना पुढच्याने पाणी आधीच कापलेले असते, त्यामुळे मागच्याला कमी श्रम पडतात. लेनमध्ये कायम तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर राहणाऱ्याला आपली वेळ सुधारली असे वाटू लागते आणि एकट्याने पोहताच ती सुधारणा नाहीशी होते. आमचे सर म्हणूनच दर सेटला क्रम बदलतात आणि पुढे राहण्याची पाळी प्रत्येकावर आणतात. तरीही महिन्यातून एकदा पासाच्या वेळेत, रिकाम्या लेनमध्ये, कोणाच्याही मागे न लागता ४०० मीटर पोहून आपली वेळ तपासावी, असे मी प्रत्येकाला सांगते. बॅच घेतल्यावरही एकट्याचे दिवस का राखायचे, याचे हे मोठे कारण आहे. ज्यांच्या तलावावर एकाच शुल्कात दोन्ही वेळा मिळत नाहीत त्यांनी आठवड्यातील एक दिवस तरी तशी परवानगी मागून घ्यावी. आमच्याकडे बॅचच्या सभासदाला दुपारच्या वेळेत जादा शुल्क न घेता पोहू देतात, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तुलनेला जागाच नाही. एकट्याने सराव करायचा म्हणजे लेनमध्ये एकट्याने. तलावावर एकट्याने कधीही नाही. जीवरक्षक काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरू नये, मग पोहणारा कितीही पट्टीचा असो. विशेषतः पाण्याखालून एका दमात लांबी पार करण्याची जी चढाओढ तरुणांत आणि कधी कधी चाळिशी उलटलेल्यांतही चालते, ती जिवावर बेतू शकते. त्याआधी भराभर दीर्घ श्वास घेण्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो, आणि श्वास घेण्याची तीव्र गरज मुख्यतः त्या वायूच्या वाढीमुळे जाणवत असल्याने शरीराचा इशारा उशिरा येतो. तोपर्यंत प्राणवायू इतका घटलेला असू शकतो की माणूस काहीही धडपड न करता पाण्याखालीच शुद्ध हरपतो, आणि काठावरच्याला तो अजून दम धरून आहे असेच वाटते. आमच्या बॅचमध्ये या प्रकाराला बंदी आहे आणि सर ती कडकपणे पाळतात. पासाच्या वेळेत जीवरक्षक असतात, पण त्यांचे लक्ष साहजिकच लहान मुलांकडे जास्त राहते. बॅचमध्ये प्रत्येकाच्या मागे-पुढे दहा सेकंदांवर कोणीतरी असते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

ज्यांना तलावच नको, कृष्णामाई पुरेशी आहे असे वाटते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून नदीत पोहायला शिकलेली पिढी सांगलीत अजून आहे आणि घाटावर पहाटे पोहणारी मंडळीही आहेत. पण त्यांच्याकडे नीट पाहिले तर दिसते की ती घोळक्यानेच उतरतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि कोणी उशिरा आले तर त्याला एकट्याला आत जाऊ देत नाहीत. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि पावसाळ्यात प्रवाह पाहता पाहता बदलतो. आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी येथे लहान मुलांनाही पाठ असते, परंतु पाणी त्याच्या कितीतरी खाली असतानाही पोहण्यास अयोग्य असू शकते. तलावाचा पास वाचवण्यासाठी एकट्याने नदीवर जाण्याचा विचार कोणी करू नये.

महिलांच्या दृष्टीने या दोन सोयींत जो फरक आहे तो वेगळा नोंदवायला हवा. आमच्या तलावावर महिलांसाठी राखीव वेळ आहे, पण ती दुपारची आहे आणि त्या वेळेत प्रशिक्षक नसतात. नोकरी करणाऱ्या स्त्रीला ती वेळ जवळपास निरुपयोगी ठरते. सर्वसाधारण पासाच्या वेळेत एकट्या स्त्रीला लेन मिळवणे अवघड जाते. कोणी मुद्दाम त्रास देते असे नाही, पण जोरात हात मारणारे दोघे-तिघे लेनमध्ये शिरले की ती आपोआप कडेला सरकते आणि तास तसाच जातो. बॅचमध्ये क्रम वेगावर ठरतो आणि सर तो जाहीर करतात, त्यामुळे माझी जागा मला मागून घ्यावी लागत नाही. पूर्ण हाता-पायांचा लायक्राचा पोशाख चालतो, कोणी त्यावरून काही बोलत नाही. पहाटे अंधारात येण्याच्या प्रश्नावर वखारभागातील एक वहिनी आणि मी एकत्र येतो. नव्याने आलेल्या दोघींनीही तशीच जोडी जमवली आहे. बॅचमध्ये स्त्रियांची संख्या अजून कमीच आहे. चाळिशीनंतरच्या मैत्रिणींना एवढेच सांगेन की पोहण्याने दम, स्नायू आणि मन यांना मोठा लाभ होतो, पण पाणी शरीराचा भार उचलत असल्याने हाडांच्या बळकटीसाठी चालणे किंवा वजने उचलणे सोबत ठेवावेच लागते.

बॅच घेण्यामागे स्पर्धेचा हेतू असायलाच हवा असे नाही, पण ज्यांना तो आहे त्यांच्यासाठी एकट्याचा सराव अपुरा पडतो. मास्टर्स गटाच्या स्पर्धा वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून खुल्या असतात, आणि पाच-पाच वर्षांचे गट असल्यामुळे बावन्न वर्षांच्या व्यक्तीची तुलना पन्नास ते चोपन्न वयाच्या लोकांशीच होते. रिले शर्यतीत चार जणांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो; १६० ते १९९ अशा एखाद्या गटात बसण्यासाठी चौघांची मोट बांधावी लागते आणि ती पासावर बांधता येत नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणारी सागरी जलतरण स्पर्धा किंवा पोहणे, सायकल आणि धावणे असे सलग तीन टप्पे असलेली गोव्याची आयर्नमॅन ७०.३ यांकडे आपल्या भागातील अनेक हौशी प्रौढ डोळे लावून असतात. गोव्यातील त्या स्पर्धेत पोहण्याचा टप्पा १.९ किलोमीटरचा आहे, म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ लांब्या, आणि समुद्रात मध्ये धरायला भिंत नसते, तळाशी रेघ नसते, सभोवती इतरांचे हातपाय लागत असतात. त्या धक्क्यांची सवय भरलेल्या लेनमध्ये होते. आमचे सर हिवाळ्यात अधूनमधून मधल्या दोऱ्या काढून सर्वांना एकदम सोडतात आणि दर काही हातांनी डोके वर करून समोरची खूण पाहायला लावतात. आठवड्यातील सर्वांत उपयुक्त तास मला तोच वाटतो.

वयाचे कारण पुढे करणाऱ्यांना मी नेहमी आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण देते. पेठ-इस्लामपूर परिसरात १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झाल्यानंतर स्पर्धात्मक पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या जिद्दीशी आपली बरोबरी होऊ शकत नाही, पण ज्या जिल्ह्याने असा जलतरणपटू दिला तेथे चाळिशीत पोहायला सुरुवात करणाऱ्याने संकोच बाळगू नये.

तलावाच्या इतर सोयींबद्दल थोडक्यात सांगते. पाण्याचा सामू (पीएच) आणि क्लोरीनची नोंद रोज फलकावर लिहिली जाते, सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा, आणि बहुतेक दिवशी तो तसा असतो. पाणी गरम करण्याची व्यवस्था नाही. डिसेंबर-जानेवारीत सहा वाजता पाण्यात उतरणे कठीण जाते, आणि त्या काळात पासधारक जवळजवळ दिसेनासे होतात. बॅच मात्र टिकून राहते, कारण न आलेल्याची चौकशी होते. कपडे बदलण्याच्या खोल्या स्वच्छ आहेत, पण महिलांच्या बाजूला दोनच शॉवर आहेत. सरावानंतर रविवारी चहा आणि भडंग असतो, त्याचा खर्च सभासद वाटून घेतात.

पोहता न येणाऱ्यांनी ही बॅच घेऊ नये; त्यांच्यासाठी वेगळा शिकवणीचा वर्ग आहे आणि आधी तो पूर्ण करावा. ज्यांना आठवड्यातून तीन सकाळी खात्रीने येता येणार नाही त्यांनीही पासावरच राहावे, कारण तुटक हजेरीत सर पुढची पायरी देऊ शकत नाहीत. बाकी सर्वांनी चौकशीला जाताना सहा वाजताच जावे, काठावर पूर्ण तास उभे राहून पाहावे, आणि सर किती वेळा एखाद्याला थांबवून काही सांगतात ते लक्षात घ्यावे. आमच्याकडे नव्या सभासदाला पहिला आठवडा शुल्काशिवाय येऊ देतात.

व्यवस्थापनाकडे मी दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. सध्याचे मोठे घड्याळ फक्त एका टोकाला असल्यामुळे दुसऱ्या भिंतीवरून सुटणाऱ्यांना ते दिसत नाही, म्हणून दुसरे घड्याळ बसवावे. आणि उन्हाळी शिबिरासाठी लेन काढून घ्यायचीच असेल, तर एप्रिल व मे महिन्यांचे बॅच शुल्क पासाइतके ठेवावे. घड्याळाची मागणी मान्य झाल्याचे तोंडी कळले आहे, शुल्काबद्दलचे उत्तर अजून आलेले नाही.